माझ्या मूत्रपिंडाचे नवस

माझ्या डाव्या मूत्रपिंडावर काहीतरी आहे, ही बातमी मी घरी पोचायच्या आधी कासूला कळली होती. यात कासू गावाचा काही दोष नाही. आमच्या शाळेचे हेडमास्तर हैबतराव कासूला राहतात, एवढंच.

मी राहतो पेणला आणि भूगोल शिकवतो रोह्याला. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव सालच्या जानेवारीत, शाळेतल्या मंडळींनी एका शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. शेंगा किती खाव्यात याला माणसाच्या अंगी थोडा विवेक लागतो. तो माझ्या अंगी नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात मोसमी वारे शिकवत असताना पोटात अशी कळ आली की मी हातातली काठी टाकली आणि नैर्ऋत्येकडे वाकलो. मुलांनी ती दिशा वहीत उतरवून घेतली.

हैबतराव स्वतः मला रोह्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मुतखडा असेल, सोनोग्राफी करून बघू. त्यासाठी तांब्याभर पाणी प्यायचं आणि ते तसंच धरून बसायचं. ज्याने हा नियम केला त्याला पन्नाशीच्या माणसाची कल्पना नसावी. तपासणी झाली, मी धावत मागच्या बाजूला गेलो, आणि नेमकं तेवढ्यात डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" आपल्याकडे आजार पेशंटला सांगत नाहीत, बरोबरच्या माणसाला सांगतात. हैबतराव पुढे झाले. त्यांनी ऐकलं, घड्याळ बघितलं, आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून ते गेले. मी परत आलो तेव्हा डॉक्टर नुसते हात पुसत उभे होते.

"खडा नाही. डाव्या बाजूला छोटी गाठ दिसतेय. मुंबईला जाऊन सीटी स्कॅन करून घ्या. बहुतेक काही नसेल."

मी पुढच्या गाडीने निघालो. कासूला गाडी थांबली तर एक अनोळखी माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, "सर, काय काळजी करू नका हां." गाडी सुटल्यावर मला आठवलं की आमच्या आळीत एकच फोन आहे आणि तो शेजारच्या इझिकेलकाकांकडे आहे. घरी पोचलो तर ओटीवर चपलाच चपला. आत माझी बायको शकू मधोमध बसलेली, एका बाजूला इझिकेलकाका, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पत्नी लीयाकाकू. मला बघून सगळे उठून उभे राहिले. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

"तसलं काही नाही ना?" लीयाकाकूंनी हळूच विचारलं.

'तसलं काही' हा आमच्या आळीतला शब्द. खरा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण तो उच्चारला तर घरात येऊन बसेल अशी समजूत आहे. पुढचे काही महिने मी तो कोणाच्याही तोंडून ऐकला नाही, आणि त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ आपोआप थांबली. ती वालाच्या शेंगांचीच होती. म्हणजे गाठीचा आणि दुखण्याचा काडीचाही संबंध नव्हता, शेंगांमुळे ती फक्त उघडकीला आली. यामुळे माझी मोठी अडचण झाली. आजारी माणसाने निदान कण्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी दोन वेळा जेवत होतो, जिना चढत होतो, आणि भेटायला येणारे निराश होऊन जात होते. मग ते सल्ले देत. लीयाकाकूंनी कुळथाचं कढण आणलं. कोणी केळीच्या गाभ्याचा रस सांगितला, कोणी गोखरू. हे सगळे उपाय खड्याचे होते. मला खडा नाही, हे मी प्रत्येकाला सांगायचो, आणि प्रत्येक जण म्हणायचा, "ते बरोबर आहे हो, पण घेऊन बघायला काय जातंय?" त्या पंधरवड्यात मी रात्री किती वेळा उठलो याची चर्चा आमच्या घरात अजून होते.

मुंबईला शकू माझ्याबरोबर आली. यंत्र म्हणजे एक प्रचंड कडं, त्यात आपण पाटावर निजून आत-बाहेर जायचं. कोणीतरी काचेपलीकडून सांगतं, श्वास घ्या, धरा, सोडा. मग हातात एक इंजेक्शन दिलं. क्षणात अंगभर ऊन पसरलं आणि नको तिथे जाऊन थांबलं. माझी खात्री झाली की रोह्याच्या माध्यमिक शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षकाच्या हातून मुंबईत नको ते झालं आहे. मी त्या इंजेक्शनवाल्या पोराला जवळ बोलावून अतिशय हळू आवाजात चौकशी केली. तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काही नाही झालेलं काका, सगळ्यांनाच तसं वाटतं!"

संध्याकाळी एक मोठी काळी फिल्म आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट मिळाला. रिपोर्टात गाठीला 'लीजन' म्हटलं होतं. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर त्यात तीन अर्थ, एकापेक्षा एक भयंकर. पुढे लिहिलं होतं की लीजन डाव्या मूत्रपिंडाच्या 'लोअर पोल'ला आहे. मूत्रपिंडाला ध्रुव असतात हे मला एवढी वर्षं भूगोल शिकवून माहीत नव्हतं. आपली गाठ दक्षिण ध्रुवावर आहे म्हटल्यावर मला उगीचच जरा धीर आला. तिथे वस्ती कमी असते. रिपोर्टाच्या शेवटी मात्र पेशंटला बघून काय ते ठरवावं अशा अर्थाचं एक वाक्य होतं. म्हणजे ज्याने बघितलं त्याने सांगितलं होतं की दुसऱ्या कोणीतरी बघावं.

ते दुसरं कोणीतरी म्हणजे मुंबईचेच एक मोठे डॉक्टर. त्यांची वेळ मिळाली दीड महिन्यानंतरची. तोवर फिल्म माझ्या ताब्यात होती. ही एक चूकच झाली. माणसाचे आडवे काप घेऊन एकाखाली एक मांडले होते, आणि नकाशे वाचण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला ते आव्हान वाटणारच. मी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि भिंगातून बघितलं. सात-आठ चित्रांत डाव्या बाजूला एक भलामोठा करडा गोळा दिसत होता. डॉक्टर याला 'छोटी गाठ' म्हणाले होते! लोक पेशंटपासून किती लपवतात, असं मी मनाशी म्हटलं आणि कुणाला काही बोललो नाही. फक्त शाळेतून आलो की खिडकीपाशी जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहायचो.

मधे रजेचंही एक प्रकरण झालं. वैद्यकीय रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहायचं असतं. मी खरं तेच लिहिलं, 'अद्याप निश्चित नाही'. अर्ज वरच्या कचेरीतून परत आला. शेरा होता, आजार निश्चित करून पुन्हा सादर करावा. मी हैबतरावांना म्हटलं की आजार निश्चित करण्यासाठीच तर रजा हवी आहे. ते म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ते रकान्यात बसत नाही. मुतखडा लिहा. मुतखड्याला कोणी हरकत घेत नाही." अशा रीतीने सरकारदरबारी मला मुतखडा झाला आणि तो अजून तिथेच आहे.

आता नवसांकडे येतो. आमच्याकडे एक रीत आहे. आजारी माणसासाठी नवस बोलायला त्याची परवानगी लागत नाही. बोलणारा एक, फेडणारा दुसरा. बोलणाऱ्याचं काम मनातल्या मनात अर्ध्या मिनिटात होतं, त्यामुळे लोक उदार होतात. पहिली बातमी हैबतरावांनीच दिली. त्यांनी पालीच्या गणपतीला सांगितलं होतं की सर बरे झाले की रोह्याहून अनवाणी चालत येतील. "मी पण येईन बरोबर," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "एसटीने."

मग हमरापूरचा काळुराम आला. आमचा गणपती दरवर्षी त्याच्याच कारखान्यातून येतो. आमच्या नावाचा पाट त्याच्याकडे आधी नेऊन द्यायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर मूर्ती आणायची, असं माझ्या वडिलांपासून चालत आलंय. काळुराम खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "सर, मी बोललोय. तुमी बरे झालाव तर दीड दिवसाचा गणपती पाच दिवसांचा, आन् मूर्ती दर वर्षाला वीतभर मोठी." मी मनातल्या मनात हिशेब केला. आणखी दहा वर्षं जगलो असतो तर घराचं छप्पर काढावं लागलं असतं.

खाडीकडच्या गावातून मीठ आणि सुकी मासळी घेऊन येणारी गोदूबाई नुसती बोलून थांबली नाही. ती तिच्या गावदेवीचा अंगारा घेऊनच आली. पाटी ओटीवर उतरवली आणि म्हणाली, "कुठं दुखतंय, दाखवा."

"दुखत नाही."

"मंग हाय कुठं?"

मी खिडकीतली फिल्म दाखवली. तिने पदर सावरून नीट बघितलं. मी भिंगाशिवाय बोट ठेवून तो करडा गोळा दाखवला.

"म्हंजी तुमच्या आंगात काय नाय. दुखणं हितं हाय," गोदूबाई म्हणाली, आणि चिमूटभर अंगारा तिने त्या गोळ्यावर लावला. मग शकूकडे वळली. "घाबरू नको गो. आई हाय. तुजा घो चालत येईल देवीला, ओटी घेऊन."

मी हसलो नाही. तिचं म्हणणं मला तेव्हा फार पटलं होतं. माझ्या अंगात खरंच काही जाणवत नव्हतं. जे काही होतं ते त्या काळ्या कागदावर होतं, आणि रोज संध्याकाळी मी त्याला भेटायला जात होतो.

इझिकेलकाकांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. काका एसटीतून निवृत्त झालेले, पेणातल्या मोजक्या उरलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांपैकी त्यांचं एक. ते म्हणाले, "मी एलियाहू हनाबीला मलिदा बोललोय तुमच्या नावाने." एलियाहू हनाबी हे त्यांचे प्रेषित, आणि मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं यांचं मोठं ताट मांडून प्रार्थना करायची. काका स्वतःच पुढे म्हणाले, "बोलून गेलो खरा. पण आमच्या वडलांचा नेम होता, मलिद्याला आपली दहा पुरुषमाणसं बसली पाहिजेत. दहा आणायची कुठून? आधी आमच्या ओटीवर चाळीस बसायची. आता सगळी तिकडे." तिकडे म्हणजे इस्राएलला. ते हसले, पण लीयाकाकू हसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मला फार भीती वाटत होती. दिवसा शाळेत बरं वाटायचं. पण संध्याकाळच्या गाडीत, नागोठणं गेलं की, मी नसलो तर या वेळी शकू कोणाची वाट बघत बसेल, हा विचार रोज यायचा. आम्हाला मूल नाही. एका रविवारी मी तिला फ्यूज बसवायला शिकवायचं ठरवलं. तिला स्टुलाजवळ उभं केलं, पक्कड हातात दिली आणि तार कशी गुंडाळायची ते नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, गेल्या पावसात तुम्ही शाळेतून यायच्या आधी तीनदा मीच बसवला होता." आणि पक्कड खणात ठेवून स्वयंपाकघरात गेली. ती आत बराच वेळ भांडी लावत होती, त्यांचा आवाज येत होता. मी स्टूल उचलून ठेवलं.

शेवटी तो दिवस आला. मोठे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, पुढे झाले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे काय आहे?"

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.

"अंगारा," शकू म्हणाली.

"कुठला?"

"खाडीकडच्या देवीचा."

डॉक्टरांनी मान डोलावली. रुमालाने फिल्म हळूच पुसली. "चांगलं आहे. पण तो प्लीहेवर लावलाय."

"म्हणजे?"

"हा मोठा गोळा दिसतोय ना, ती तुमची प्लीहा, म्हणजे पाणथरी. सगळ्यांना असते. उत्तम आहे."

दीड महिना मी रोज संध्याकाळी खिडकीत उभा राहून माझ्याच निरोगी प्लीहेला घाबरत होतो. शकूने माझ्याकडे बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. डॉक्टरांनी मग पेन्सिलीचं टोक एका भलत्याच चित्रावर ठेवलं. तिथे पावट्याएवढा एक ठिपका होता. मी तो फिल्मवरचा डाग समजत होतो.

"तुम्ही शिक्षक ना? मग सोपं आहे," ते म्हणाले. "हे यंत्र प्रत्येक ठिपक्याला मार्क देतं. पाण्याला शून्य. चरबीला शून्याच्या खाली. हाडाला शेकड्यांनी. तुमच्या या गाठीला मिळालेत बारा."

"नापास," मी म्हटलं.

"इथे नापास झालेलंच बरं. बारा म्हणजे आत जवळपास पाणीच. मांसाची गाठ असती तर तीस-चाळीस मिळाले असते, आणि त्या गरम इंजेक्शननंतर चांगलेच वाढले असते. कारण मांसाला रक्त लागतं आणि औषध रक्ताबरोबर जातं. तुमचे वाढलेले नाहीत."

"मग झालं तर!" मी उठायच्या तयारीत.

"बसा. नुसती पाण्याची पिशवी असती तर घरी पाठवलं असतं. पन्नाशीनंतर कितीतरी लोकांना असते, त्यांना जन्मभर पत्ता नसतो. तुमच्या पिशवीत आतून पातळ पडदे आहेत. एक पडदा मला किंचित जाड वाटतोय." त्यांनी कागदावर चार गोल काढले. "आम्ही यांना इयत्ता देतो. पहिलीत साधी पिशवी, सोडून द्यायची. दुसरीत पातळ पडदे, तीही बहुधा सोडून द्यायची. तिसरी म्हणजे काढून बघावं लागतं. चौथीत काढावीच लागते. तुमची दुसरी. पण हल्ली दुसरीत एक 'फ' तुकडी निघालीय. दुसरीत बसते, पण अगदी सोडून देववत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांनी परत फोटो, मग वर्षाने, मग परत वर्षाने."

मला ते कळलं. खरंच कळलं. इतके दिवस कोणी मला समजेल असं बोललंच नव्हतं. "म्हणजे ही दरवर्षी दुसरीतच नापास होत राहिली पाहिजे," मी म्हटलं.

"अगदी! वरच्या वर्गात गेली की मला भेटा."

एवढी वर्षं मी पोरांनी वरच्या वर्गात जावं म्हणून घसा कोरडा केला. त्या दिवशी दवाखान्यात बसून मी पहिल्यांदाच एखाद्याने जन्मभर दुसरीत राहावं म्हणून मनापासून इच्छा केली.

शकू खुर्चीत पुढे सरकली. तिने विचारलं, "डॉक्टर, तसलं काही आहे का नाही?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "ताई, या तुकडीतल्या बहुतेकांचं कधीच काही निघत नाही. थोड्यांचं निघतं. तुमचे यजमान कशात आहेत ते आज मला दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून चांगलं मूत्रपिंड कापायचं, हे मला पटत नाही. थोडा काळ जाऊ दे. तो सांगेल."

शकूने मान हलवली. येताना एसटीत ती खिडकीकडे बसली होती.

पेणला उतरल्यावर खरी अडचण सुरू झाली. सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग, बरे झालात ना?" मी म्हणायचो, बरा व्हायला मी आजारी होतो की नाही हेच अजून ठरायचंय. हे उत्तर कोणालाही आवडलं नाही. आजारातून उठलेल्याला हार घालता येतो, गेलेल्यासाठी रडता येतं. दुसरी 'फ'मध्ये असलेल्या माणसाचं काय करायचं हे आळीत कोणालाच माहीत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, नवस फेडायची वेळ झाली की नाही?

एका रविवारी सकाळी याच विषयावर आमच्या ओटीवर सभा भरली. हैबतराव कासूहून आले. त्यांच्या मते डॉक्टरांनी ऑपरेशन नाही म्हटलं, त्या अर्थी देवाने आपलं काम केलं. काळुराम म्हणाला, नुसता पाट तरी द्या, वीतभराचं मागून बघू. मी कायद्याचा मुद्दा काढला. गोदूबाईचा अंगारा प्लीहेवर लागला होता, आणि प्लीहा मुळातच धडधाकट होती, तेव्हा तो नवस लागू होतो का?

"देवी काय आंधली हाय?" गोदूबाई कडाडली. "तुमी बोट चुकलाव. तिला ठावं हाय कुठं जायाचं ते!"

मी मुद्दा मागे घेतला. पुष्कळ चर्चेनंतर हैबतरावांनी निकाल दिला. दुसरी 'फ' म्हणजे काठावरचा निकाल, तेव्हा नवसही काठावर फेडावेत. पालीला मी जायचं, पण निम्म्या वाटेपर्यंत चप्पल घालून. गणपती अडीच दिवसांचा. देवीला ओटी आता, चालत जाणं पुढच्या फोटोनंतर. मूर्तीची वीत मोजताना कोणाचा हात धरायचा यावर काळुराम आणि मी बराच वेळ भांडलो.

इझिकेलकाका हे सगळं ऐकत होते. मग ते म्हणाले, "आमचं अर्धं करता नाय येणार. दहा म्हणजे दहा."

"मग तुमचा मलिदा पुढच्या फोटोनंतर ठेवू की," हैबतराव म्हणाले.

"तेवढं थांबायला माझ्याकडे माणसं नायत," काका म्हणाले. "माझा पुतण्या नथानियल पावसाळ्यानंतर जातोय तिकडे. बायकोपोरांसकट. मग दहा कुठून जमायचे?"



गुरुवारी संध्याकाळी काकांच्या घरी मलिदा ठरला. त्यांनी चार दिवस फोन केले, रोह्याला, नागोठण्याला, अलिबागकडच्या गावांना. लीयाकाकूंनी मोठ्या ताटात पोह्यांचा डोंगर रचला, वर खोबरं, वेलची, भोवती केळी, खजूर, सफरचंदं. शकू दुपारपासून त्यांच्या मदतीला होती. माणसं येऊ लागली. बरीच म्हातारी, कोणी काठी टेकत, एक जण तर डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी बांधून. काका दारात उभे राहून मोजत होते. सूर्य बुडायला आला तेव्हा नऊ झाले होते. नथानियलचा पत्ता नव्हता. डोलवीच्या कंपनीत त्याची शिफ्ट होती आणि सोडायला कोणी तयार नसावं. मी आपला कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याच नावाचा नवस, आणि मोजणीत मला धरता येत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते. त्या घरात आधी चाळीस माणसं बसायची, ही गोष्ट मला आता कुठे नीट समजली.

नथानियल आला तो कंपनीच्या कपड्यांत, हेल्मेट काखेत, तोंडावर धूळ. लीयाकाकूंनी त्याच्या हातावर पाणी घातलं. काकांनी "दहा" एवढंच म्हटलं आणि पुस्तक उघडलं. त्यांची भाषा मला कळत नव्हती. फक्त मधेच एकदा माझं नाव आलं, त्यांच्या त्या अनोळखी शब्दांच्या मधोमध, पेणातल्या उच्चारात. दहा माणसांनी 'आमेन' म्हटलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

प्रसाद देताना काका म्हणाले, "सर, सहा महिन्यांनी तुमच्या फोटोत काय निघेल ते निघेल. माझा नवस मात्र पुरा झाला." मग ते नथानियलला जेवायला बसवायला गेले.

घरी जायला चार पावलं. मी आणि शकू सावकाश निघालो. माझ्या मनात इतके दिवस एक गोष्ट सलत होती, ती आता बाहेर आली. कासूच्या माणसाने, मिठवालीने, मूर्तिकाराने, शेजाऱ्याने, सगळ्यांनी माझ्यासाठी काही ना काही बोलून ठेवलं होतं. माझी बायको काय बोलली ते मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तू काय बोललीस?" मी विचारलं.

"मी नाही बोलले काही."

मी थांबलो. मला खरंच लागलं. "काहीच नाही? साधा नारळसुद्धा नाही?"

"नाही." तिने आमच्या दाराची कडी काढली, पण आत गेली नाही. "नवस फेडला की देव मोकळा होतो. आज काकांचा झाला. मी नवसाशिवाय रोज मागते, फेडण्यासारखं काही ठेवलंच नाही. मला त्याला मोकळं सोडायचं नाही."